टर्बोचं इंजिन: वेग हवा, आयुष्यही हवं

श्रोतेहो, नमस्कार.

डिझेल गाडीतला टर्बो तुमच्या ओळखीचा आहे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरतं आणि ते इंजिनात हवा कोंबतं. छोट्या विमानातही तेच. वर हवा विरळ असते, साध्या इंजिनाचा जोर ओसरतो, टर्बोचा टिकतो. ताकद तीच राहिली, तर दर हजार फुटांमागे वेग साधारण एक टक्का वाढतो. ताकद तीच, उंची जास्त, म्हणून वेग जास्त. ही झाली कमाई. आता ते इंजिन टिकवायचं कसं?

त्यासाठी १९४४च्या न्यू गिनीत जाऊ. १९२७ साली एकट्यानं अटलांटिक ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग तिथे साधे नागरिक, कंपनीचे तांत्रिक प्रतिनिधी म्हणून गेले होते. अमेरिकेच्या ४७५व्या फायटर ग्रुपबरोबर ते पी-३८ लाइटनिंग हे लढाऊ विमान उडवू लागले. दोन अ‍ॅलिसन इंजिनं, दोन्हींना टर्बो. मोहिमेवरून परतल्यावर मेकॅनिकांच्या लक्षात आलं: इतरांच्या टाक्या तळाला लागलेल्या, यांच्या टाकीत पेट्रोल शिल्लक! मोहीम तीच, अंतर तेच.

मग एका संध्याकाळी त्यांनी वैमानिकांना रीत सांगितली. बाकीचे २२०० ते २४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) ठेवायचे, मिक्श्चर रिच, म्हणजे हवेत पेट्रोल जास्त. लिंडबर्ग म्हणाले, आरपीएम १६०० वर आणा, मिक्श्चर लीन करा, म्हणजे पेट्रोल कमी, आणि मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, किंचित वाढवा. पोरं बिचकली. प्लग काजळतील, इंजिन जळेल! पण हिशेब सरळ होता. फेरे कमी म्हणजे घर्षण कमी, आणि जादा पेट्रोल वाया जाणं बंद. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी दामटू नये, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यांची भीतीही तीच. पण हा चढ नव्हता, सपाट रस्ता होता. पल्ला वाढला, आणि आधी आवाक्याबाहेरची ठिकाणं आवाक्यात आली. वैमानिकांना मात्र त्या अरुंद खुर्चीत आणखी तास काढावे लागले.

पण १६०० हा आकडा आजच्या छोट्या विमानांतल्या काँटिनेंटल किंवा लायकोमिंग इंजिनाला लावू नका. प्रेशर आणि आरपीएमची जोडी हस्तपुस्तिकेच्या तक्त्यातलीच घ्या. तक्त्याबाहेर फेरे फार कमी आणि प्रेशर फार जास्त झालं, की सिलिंडरमध्ये ठोका बसतो, त्याला डेटोनेशन म्हणतात. पिस्टन फुटूही शकतो. म्हणून क्रम पाठ ठेवा. ताकद वाढवताना आधी मिक्श्चर, मग आरपीएम, मग थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग आरपीएम, शेवटी मिक्श्चर. वाढवताना मिक्श्चर पहिलं, कमी करताना शेवटी.

पेट्रोल कमी करत गेलं, की बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान आधी चढतं, मग उतरतं. सर्वांत वरचा बिंदू म्हणजे शिखर. लीन करायचं तर शिखराच्या पलीकडे, आणि घुटमळू नका. जास्त ताकदीवर शिखराच्या जरा रिच बाजूला सिलिंडर सर्वांत तापतो. अर्धवट लीन, हीच खरी मारक जागा. सिलिंडरांत पेट्रोल सोडणारे इंजेक्टर मात्र एकमेकांशी जुळलेले हवेत, नाहीतर इंजिन थरथरतं. सिलिंडर हेड ३८० फॅरनहाइटच्या आसपास राहू द्या. ४०० ओलांडलं तर काउल फ्लॅप, म्हणजे इंजिनाला थंड करणाऱ्या हवेची झडप, उघडा. टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोच्या धुरावर फिरणाऱ्या चक्राच्या, तोंडाशी बऱ्याच इंजिनांना १६५० फॅरनहाइट ही कमाल मर्यादा असते. तिला खेटून तासन्‌तास उडू नका.

उड्डाणापूर्वी तेल कोमट होऊ द्या. टर्बोकडे किती धूर जावा हे ठरवणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, बऱ्याच विमानांत तेलाच्या दाबावर चालतं. तेल थंड असेल तर वेस्टगेट उशिरा हलतं, प्रेशर मर्यादेपार उसळतं. थ्रॉटल सावकाश, चार-पाच सेकंदांत पुढे न्या.

आणि जुहूसारख्या समुद्रकाठी विमान महिनोन्‌महिने उभं ठेवणाऱ्यांनो, तुमचं इंजिन टर्बो खात नाही, गंज खातोय!

उतरल्यावर तीन ते पाच मिनिटं मंद चालवून मगच बंद करा, नाहीतर बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतं. आणि टर्बोशी एक्झॉस्ट जोडणारा व्ही-बँड क्लँप तपासा. स्पॉट वेल्डजवळ केसासारखी चीर दिसली, तरी तो बदला. तो सुटला, तर तापलेला झोत थेट इंजिनच्या खोलीत शिरतो.