काजळी काढायची, पोलाद नाही

टेबलावर आहे ते रिव्हॉल्वर स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६०, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डचं. १९६५ साली ते आलं, तेव्हा स्टेनलेस स्टीलचं रिव्हॉल्वर बाजारात नवलाईचंच होतं. तोवर कमरेच्या निळ्या-काळ्या पोलादाला घामानं गंज चढायचा. निकेलचा मुलामा दिला, तर त्याचे पोपडे निघायचे.

गंमत अशी, की हे स्टेनलेस पोलाद सापडलं बंदुकीपायीच. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली रायफलच्या नळ्या आतून झिजतात, त्यावर उपाय शोधत होते. त्यांचं क्रोमियमचं पोलाद आधी गेलं जेवणाच्या सुऱ्यांकडे.

हे रिव्हॉल्वर बरंच वापरलेलं दिसतं. सिलिंडर उघडायचा. काडतुसांची पाचही घरं रिकामी आहेत ना, डोळ्यांनी बघायचं, बोट घालूनही बघायचं. काडतुसं टेबलावर काय, खोलीतसुद्धा नकोत.

आता सिलिंडरचं तोंड जवळून बघा. प्रत्येक घराभोवती काळं कडं आहे. गोळी सुटते तेव्हा सिलिंडर आणि नळी यांमधल्या बारीक फटीतून जळता वायू बाहेर फुटतो, काजळी आणि शिशाचे कण घेऊन. नवा मालक या कड्यांच्या मागे हात धुऊन लागतो. शिसं काढणाऱ्या खास कापडानं ती जातात, पुढच्या नेमबाजीत परत येतात. त्यांनी नेम बिघडत नाही. मी तरी ती राहू दिली असती.

खरी मेहनत घ्यावी ती काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली. अर्धवट जळलेल्या दारूचा एखादा कण तिथे अडकला, की चांदणी नीट बसत नाही आणि सिलिंडर फिरताना अडखळतो. नळीचं तोंड वर धरून जुन्या टूथब्रशनं ती जागा कोरडी झाडायची.

नळीत मागून गज घालायला वाट नाही, म्हणून ब्राँझचा ब्रश पुढूनच जातो. त्याआधी काजळी सुटायचं औषध लावून थोडं थांबायचं. गज तोंडाच्या कडेवर घासता कामा नये, कारण नेम त्या कडेवर अवलंबून असतो.

मूठ काढून बघा. स्टेनलेस म्हणजे गंज येतच नाही, असं नाही. रबराखाली घाम साचला, की तपकिरी ठिपके येतात.

राहिली चकाकी. धातूचं पॉलिश मऊ सुती कापडावर थोडंसंच घ्यायचं. कारखान्यानं रेघा ठेवल्या असतील तर त्यांच्याच दिशेनं, हातानं. साधी लोखंडी तारेची घासणी अजिबात नको: तिचे कण पोलादात रुततात आणि पुढे तेच गंजतात. मोटारीवरची बफची चकती तर त्याहून वाईट. आरसा होतो खरा, पण कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात, आणि संग्राहक भाव पाडून मागतो. अनुक्रमांकाच्या जागी तर पॉलिश नकोच. तो खोडलेली बंदूक जाणूनबुजून जवळ बाळगणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. घोडा आणि चापही सोडून द्या. पुष्कळ मॉडेलांत ते स्टेनलेसचे नसतात, वर क्रोमचा पातळ थर असतो.

शेवटी सांध्यांना थेंबभर तेल, बाकी सगळं कोरडं पुसून. हातमोजे काढल्यावरही साबणानं हात धुवायचे, शिसं पोटात जाऊ नये म्हणून. आणि या चिंध्या घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायच्या नाहीत.