पडद्यावरची बेरीज

(दृश्य : माण तालुक्यातलं एक माध्यमिक विद्यालय. परिपाठ संपलाय. मुलं रांगेनं वर्गात जाताहेत.)

बी.एड.च्या पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, 'शैक्षणिक साहित्य' असा एक रकाना असतो. आमच्या आधीच्या पिढ्यांनी त्यात तक्ता, प्रतिकृती, गुंडाळी फळा असं लिहिलं. आम्ही लिहितो पीपीटी, व्हिडिओ, प्रोजेक्टर. हे शब्द दिसले की निरीक्षकांची नजर समाधानानं खालच्या रकान्यावर सरकते. त्या व्हिडिओचं वर्गात पुढं काय झालं, हे लिहायला मात्र टाचणात जागा नाही. शेराही बहुतेक ठरलेला : 'तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर.'

मी गणिताची छात्राध्यापिका. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) 2014 च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेत प्रत्यक्ष राहून शिकायचा काळ वाढला. ही आंतरवासिता. मुलं आम्हाला 'बी.एड.च्या मॅडम' म्हणतात, म्हणजे अजून पुरत्या मॅडम नव्हे. त्याचा एक फायदा असतो. आमचं चुकलं असं वाटलं, तर ती बिनधास्त सांगतात.

(दृश्य : मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कपाट उघडतं. प्रोजेक्टर, गुंडाळलेली वायर, एक्स्टेन्शन बोर्ड.)

प्रोजेक्टर कपाटात असतो आणि किल्ली क्लार्ककाकांकडे. ते सापडले की पहिली लढाई जिंकली. दुसरी उन्हाशी. आमच्या वर्गाला पूर्वेकडं चार खिडक्या आणि पडदे एकीलाही नाहीत. मग मुलं हॉलमधल्या सतरंज्या आणून खिडक्यांच्या गजांना अडकवतात. ही तयारी ती इतक्या उत्साहानं करतात, की तास अंधारात गेला तरी त्यांची तक्रार नसते. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून टाचणाच्या मागच्या पानावर बिनविजेचा पाठ लिहून ठेवायचा. हे कुठल्याच मेथडच्या, म्हणजे विषय शिकवायच्या पद्धतीच्या, पुस्तकात दिलेलं नाही, पण गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. गावातला दूरदर्शन संच, भोवती बसलेली मुलं.)

पडदा वर्गात आला तो काही आमच्या पिढीत नाही. 1 ऑगस्ट 1975 ला भारतात 'साइट' हा उपग्रहावरून दूरदर्शनद्वारे शिकवायचा प्रयोग सुरू झाला. नासानं आपला एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला दिला होता. सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत दूरदर्शन संच बसले, वर तारेच्या जाळीच्या छत्रीसारख्या अँटेना. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. 31 जुलै 1976 ला मुदत संपली आणि उपग्रहावरून येणारं ते प्रक्षेपण थांबलं.

आपल्याकडं 1984 मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. शाळेच्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम बनवायचे आणि दूरदर्शनवरून दाखवायचे, हे तिचं काम. आज चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांना ते नाव आठवतं. 2017 मध्ये ती बंद झाली.

या दोन्ही काळांतल्या शिक्षकांपुढं एक अडचण सारखीच होती. कार्यक्रम ठरल्या वेळी यायचा आणि ठरल्या वेळी संपायचा. मधेच एखाद्या मुलीचा हात वर गेला, तर शिक्षक तिला काय सांगणार? थांब, आधी हे संपू दे. पडदा थांबवायची सोय माझ्या वाट्याला आली, आणि ती साधी सोय मला त्यातल्या सगळ्या चित्रा-संगीतापेक्षा मोलाची वाटते.

(दृश्य : नववीचा वर्ग. फळ्याच्या बाजूला भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड.)

गंमत बघा. शैक्षणिक व्हिडिओंत एक आवाज असतो. गोड, उत्साही. तो विचारतो, "मग सांगा बरं मुलांनो, हे कोन कसे आहेत?" आणि श्वासही न घेता म्हणतो, "शाब्बास! अगदी बरोबर!" वर्गात अजून कुणी तोंड उघडलेलं नसतं. उत्तर चुकलं काय, बरोबर आलं काय, शाब्बासकी पक्की. म्हणून मी प्रश्न संपला की तिथंच स्पेसबार दाबते. मग जी शांतता पसरते ती सुरुवातीला फार अवघड जाते. मुलं भिंतीकडं बघत राहतात, कारण उत्तर तिथूनच येणार याची त्यांना सवय झालेली असते. कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, अडकलं का वो?"

पडद्यावरचं ते खरं, ही मुलांची समजूत किती घट्ट आहे हे मला त्रिकोणाच्या तासाला कळलं.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश हे नववीच्या मुलांना आधीपासून पाठ असतं. आधी मी कंपासपेटीतले कोनमापक काढायला लावले. प्रत्येकानं आपला त्रिकोण काढायचा, कोन मोजायचे, बेरीज सांगायची. 178, 181, 180, 177. ज्यांची 180 आली नाही, त्यांनी लगेच खोडरबर घेतलं. एकानं तर न मोजताच तिसरा कोन वजाबाकीनं काढला होता, त्याची बेरीज अर्थातच चोख आली. हातानं मोजलेलं चुकणारच, आपलंच चुकलं असणार, यात कुणालाच शंका नव्हती.

मग मी जिओजिब्रा लावलं. हे गणिताचं सॉफ्टवेअर ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात शिकताना तयार करायला घेतलं. शाळांना फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. आमच्या गावात यातली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. त्यात त्रिकोण काढायचा, शिरोबिंदू माउसनं धरायचा आणि ओढायचा. त्रिकोण ताणला जातो, कोन बदलत राहतात, आकडे पळतात. दशांश चिन्हांची गर्दी नको म्हणून मी मापं पूर्ण अंशांत दाखवायला सांगितली होती.

(दृश्य : पडदा जवळून. शिरोबिंदू सरकतो. आकडे बदलतात आणि थांबतात : 63, 71, 45.)

मागच्या बाकावरची एक मुलगी वहीत बेरीज करत होती. तिनं दोनदा केली, मग शेजारणीला दाखवली. शेजारीण म्हणाली, "तुझंच चुकलंय, कम्प्युटर कसा चुकेल?" पण तिचं चुकलेलं नव्हतं. हात वर आला.

"मॅडम, 179 येतंय की."

त्रेसष्ट आणि एकाहत्तर, एकशे चौतीस. अधिक पंचेचाळीस, एकशे एकोणऐंशी. वर्गानं एकदम वह्या ओढल्या. जी मुलं मघाशी स्वतःच्या 178 ला निमूटपणे खोडत होती, तीच आता भिंतीवरच्या 179 ला जाब विचारायला उभी राहिली.

झालं होतं असं : खरी मापं 63.42, 71.36 आणि 45.22 अशी होती. तिन्हींचे अपूर्णांक अर्ध्याहून कमी, म्हणून सॉफ्टवेअरनं तिन्ही आकडे खाली ओढले. तीन ठिकाणचं थोडंथोडं मिळून पुरता एक अंश गळाला. हे मी सांगितलं नाही, वर्गानंच शोधलं. "मॅडम, पॉइंटनंतरचे आकडे दाखवा," असं एकानं म्हटलं. एक दशांश स्थळ दाखवल्यावर बेरीज 180 आली. सगळे खूश. तेवढ्यात शिरोबिंदू जरा हलला : 58.3, 66.4, 55.4. बेरीज 180.1. आता जास्त! दशांश वाढवत गेलं की चूक बारीक होत जाते, पण बारीक म्हणजे नाहीशी नव्हे. हे नववीतल्या मुलांनी आपल्या तोंडानं म्हणावं, याहून मी काय मागणार?

आणि एक सांगते. मी सॉफ्टवेअरलाच बेरीज करायला सांगितली असती, तर त्यानं आतल्या खऱ्या मापांवरून अचूक 180 दाखवलं असतं, दर वेळी. पाठ सुरळीत झाला असता. मुलांनी मान डोलावली असती आणि मी गृहपाठ देऊन वर्गाबाहेर पडले असते.

मध्येच एका पठ्ठ्यानं शिरोबिंदू ओढून थेट पायाच्या खाली नेला. त्रिकोण उलटा झाला, सॉफ्टवेअर तिन्ही कोन बाहेरून मोजू लागलं आणि बेरीज गेली 900 च्या आसपास. वर्ग हसून लोळला. पण आकडा कुठून आला हेही त्यांनी काढलं : एका बिंदूभोवती 360, असे तीन बिंदू, 1080, त्यातून आतले 180 वजा.

(दृश्य : प्रोजेक्टर बंद. सतरंजी बाजूला होते, ऊन आत येतं. फळ्यावर खडू.)

मग प्रश्न आला तो खरा. मोजून कधीच नक्की येत नसेल, तर 180 च हे कशावरून? यासाठी मी प्रोजेक्टर बंद केला. पडदा हजार त्रिकोण मोजून दाखवील, पण हजारानंतरच्या पुढच्याची हमी देणार नाही. फळ्यावर त्रिकोण एबीसी काढला. ए मधून बीसी ला समांतर रेषा. दोन बाजूंच्या व्युत्क्रम कोनांच्या जोड्या एकरूप, ए पाशी तिन्ही कोन शेजारी शेजारी येऊन बसले आणि सरळ रेषा झाली, म्हणजे 180. कोनमापक नको, दशांश नको. हीच सिद्धता पुस्तकात आहे, मुलं ती पाठही करतात. पण ती लागते कशाला, हे 179 नं त्यांना आधी सांगून ठेवलं होतं.

(दृश्य : पाठ्यपुस्तकाचं पान. कोपऱ्यातला क्यूआर कोड.)

तंत्रज्ञान आणि शिक्षक म्हटलं की आपल्याकडं सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव निघतंच. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकातला कोड फोननं स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ उघडतो, ही सोय त्यांनी केली, म्हणून क्यूआर कोडवाले गुरुजी अशी त्यांची ओळख झाली. पण त्यांनी मुलांसाठी पाठ्यपुस्तकं कन्नडमध्ये उतरवली होती, कारण मुलांची घरची भाषा ती होती. आमच्या कॉलेजातल्या चर्चांत कोडचं कौतुक होतं आणि कन्नड बाजूला राहतं. मला ते उलटं व्हायला हवं असं वाटतं.

आमच्या वर्गात कोडचा हिशेब आणखी साधा आहे. फोन वडिलांचा. वडील दिवेलागणीला घरी येतात, तोवर फोनची बॅटरी आणि वडील दोघंही संपलेले. अर्ध्या तासासाठी फोन हातात आलाच, तर त्यावर तीन भावंडांचा हक्क. म्हणून फोन लागेल असा गृहपाठ मी देत नाही. जे पडद्यावर बघायचं, ते वर्गात, सगळ्यांनी मिळून.

(दृश्य : कॉलेजचा स्टाफरूम. टेबलावर टाचणवही उघडी.)

आता वार्षिक पाठ जवळ आलाय. बाहेरचे परीक्षक येणार. मी हाच पाठ घ्यायचं ठरवलंय. आमच्या मेथडच्या सरांनी टाचण वाचलं, चष्मा काढला.

"चांगलं आहे. फक्त ते दशांश वाढवून ठेवा. परीक्षकांसमोर 179 आलं तर काय दिसेल?"

"मुलं हात वर करतील, सर."

"आणि नाही केला कुणी तर?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. सरांचं चूक नाही, गुण त्या अर्ध्या तासावर ठरतात. मी वही परत घेतली. मापं पूर्ण अंशांतच ठेवली आहेत.