चढणीचे मासे आणि कोमट नदी

ही काच बघा. काचेपलीकडे कोलंबिया नदी, अमेरिकेत ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या मधून वाहते ती, आणि हिरवट पाण्यात एकामागून एक पुढे सरकतायत ते सॉकाय, सॅमन माशांची एक जात. हे बॉनव्हिल धरण, 1938 पासून इथे मासे मोजतात, एकेक करून.

आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्याला लागतात ना, तसेच हे, पण यांची चढण केवढी, तर समुद्रापासून आयडाहो राज्यातल्या रेडफिश लेकपर्यंत साधारण 1,450 किलोमीटर, आणि ते तळं जवळपास 2,000 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्याही वर. बरं, नदीत शिरल्यावर हा मासा काही खात नाही, समुद्रात अंगावर जी चरबी चढली तेवढ्यावरच सगळा प्रवास.

वाटेत आठ धरणं. प्रत्येकाला बाजूने अशा पायऱ्या केल्यात, फिश लॅडर म्हणतात, पाणी वरून खाली येतं आणि मासा त्याच्या उलटा वर चढतो.

आता इथे नीट बघा, हे याच वाटेवरचं, कोलंबियाची उपनदी स्नेक, तिच्यावरचं लोअर ग्रॅनाइट धरण. धरणामागे पाणी साचतं, फारसं हलत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात वरचा थर तापतो. वरच्या ड्वोरशॅक धरणाच्या तळातून मुद्दाम गार पाणी सोडतात, पण गार पाणी जड, ते खाली बसतं, आणि लॅडरला पाणी जायचं ते वरच्या थराचं! म्हणजे मासा खालच्या गारव्यातून येणार, पहिल्याच पायरीवर त्याला कोमट पाणी लागणार आणि तो मागे फिरणार. मग पंप बसवले, खोलातलं पाणी उपसून लॅडरमध्ये सोडायला. त्याने फरक पडला, पण नदीचं तळं आपणच केलं आणि आता तिला पंपाने गार करत बसलोय, मला तरी हे बघवत नाही.

माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याला ऑक्सिजन जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो, 10 अंशांना लिटरमागे 11 मिलिग्रॅमच्या आसपास, 20 ला 9 च. चरबी भराभर जळते, आणि कोमट पाण्यात वाढणारे जीवाणू कल्ल्यांना आणि कातडीला लागतात.

ही दृश्यं 2015 ची. डोंगरावर बर्फ कमी, जूनपासूनच ऊन. गार पाणी शोधत मासे भलत्याच छोट्या उपनदीच्या तोंडाशी येऊन थांबलेत, अंगावरचे ते पांढरे चट्टे बघा.

त्या वर्षी पाच लाखांवर सॉकाय बॉनव्हिल ओलांडून वर गेले होते, त्यातले साधारण अडीच लाख वाटेतच मेले.

रेडफिश लेकचं सांगायचं तर, 1992 साली तिथे एकच सॉकाय परत आला होता, एक नर. लोकांनी त्याचं नाव लोन्सम लॅरी ठेवलं. त्याच्यासकट मोजके मासे धरून हॅचरीत, म्हणजे मासे पैदा करायच्या केंद्रात, वंश टिकवलाय, पण वाट तीच, स्नेकच्या खालच्या टप्प्यातली चार धरणं तशीच उभी आहेत. ती काढायला हवीत.

आणि ही दुसरी नदी, क्लामथ. इथली चार धरणं काढायचं काम 2024 मध्ये पूर्ण झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, शंभराहून जास्त वर्षांनी, चिनूक सॅमन कॅलिफोर्नियातून चढत वर ओरेगॉनात पोचले. तो बघा, दगडाच्या डाव्या बाजूला, शेपूट दिसतेय.