जुन्या गाडीचा पट्टा ओढून बघितलाय का?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्या-मुंबईत आठ-दहा वर्षं पळालेल्या गाड्या आपल्या मराठवाड्यात भरपूर येतात. सेलू असो, गेवराई असो की उदगीर, अशी गाडी घ्यायला जाताना माणूस सोबत एखादा जाणकार नेतोच. तो बोनेट उघडतो, ऑइल बोटावर घासून बघतो, सायलेन्सरचा धूर बघतो, पत्र्यावर टिचकी मारून पुट्टी भरलीय का याचा अंदाज घेतो. एसी किती गार करतो तेही बघतो. सीटबेल्ट मात्र कोणी ओढून बघत नाही. इंजिन बिघडलं तर आवाज करतं, ॲव्हरेज पाडतं, आपल्याला मिस्त्रीकडं जायला भाग पाडतं. पट्टा आणि एअरबॅग बिघडली तर गाडी पहिल्यासारखीच पळते, म्हणून त्यांच्याकडं मुद्दाम बघावं लागतं.

आधी पट्टा. हळू ओढला तर तो सरळ बाहेर आला पाहिजे. जोरात हिसका दिला तर जागच्या जागी अडकला पाहिजे. आणि सोडला की आपोआप आत गेला पाहिजे. आपल्या धुळीत ही तिसरी गोष्ट हमखास हुकते. खांद्याजवळच्या ज्या कडीतून पट्टा वळतो तिथं नीट बघा. धूळ, घाम आणि डोक्याचं तेल मिळून काळा चिकट थर बसलेला दिसेल. त्यामुळं पट्टा सरकत नाही, अंगावर ढिला राहतो, आणि ढिला पट्टा धडकेच्या वेळी माणसाला वेळेवर धरत नाही. उपाय घरचाच आहे. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, आत जाऊ नये म्हणून चिमटा लावा, कोमट पाण्यात साधा साबण घालून फडक्यानं पुसा, कडीही पुसा. ब्लीच किंवा पेट्रोल वापरू नका, त्यानं धागा कमजोर होतो. आणि खडखडीत वाळल्याशिवाय आत सोडू नका. कडेचे दोरे निघाले असतील तर पट्टाच बदलायचा, टाके घालून चालत नाही. मोठ्या अपघातात ताणलेला पट्टा दिसायला चांगला असला तरी पुन्हा वापरायचा नाही.

मागच्या सीटचे पट्टे तर कित्येक गाड्यांत सीट कव्हरखाली गाडलेले असतात. तुळजापूरला दर्शनाला निघालेल्या गाडीत मागं चौघं बसलेले असतात, तिथं बकल शोधणार कोण? ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांचं अपघाती निधन झालं तेव्हा ते मागच्याच सीटवर होते. आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. कव्हर काढा, बकल वर घ्या, आत शेंगदाण्याची टरफलं किंवा गोळ्यांचे कागद अडकलेत का बघा. आणि पट्ट्याची पीप-पीप बंद करायला जी नुसती क्लिप खोचतात, ती काढून फेका. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा क्लिपा ऑनलाइन विकायला मनाई केली, ती उगाच नाही.

आता एअरबॅग. ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ती नाहीच, तिथं सगळा भरवसा पट्ट्यावर. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी उद्या सकाळी एवढं करा: किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि मीटरमधल्या एअरबॅगच्या दिव्याकडं बघा. तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागूनच राहिला तर यंत्रणेत दोष आहे. अजिबात लागलाच नाही तर मला जास्त शंका येते. अपघातात उघडलेली एअरबॅग बदलायला खर्च मोठा; मग काही विक्रेते नुसतं झाकण बसवतात आणि दिव्याची वायरच तोडतात. काही त्याहून हुशार, ते एअरबॅगच्या जागी रेझिस्टर नावाचा विजेचा छोटा भाग जोडून दिव्याला फसवतात. म्हणून दिव्यावरही पूर्ण विसंबू नका, कंपनीच्या स्कॅनरवर एकदा तपासून घ्या.

दिवा लागून राहिला आणि हॉर्नही बंद पडला, असं एकदमच झालं तर बहुतेक वेळा स्टीअरिंगखालची गुंडाळलेली वायरपट्टी तुटलेली असते. मिस्त्री तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. कधी कधी सीटखालचा पिवळा कनेक्टर ढिला झालेला असतो, पाण्याची बाटली तिथं घरंगळून आदळते म्हणून. पण स्वतः हात घालू नका. माहितगार मिस्त्रीसुद्धा आधी बॅटरीची वायर काढतो आणि काही मिनिटं थांबतो. आणखी एक: डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर गणपती किंवा देवीची मूर्ती चिकटवू नका. झाकण उघडताना ती थेट समोरच्याच्या तोंडावर येईल. देवाला मधली जागा द्या.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. टायरचं वय मात्र कोणी वाचत नाही. बाजूवर चार आकडे असतात. २३१८ असतील तर तो २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. अंगणात उभ्या असलेल्या गाडीची नक्षी शाबूत राहते, पण आपल्या उन्हात रबर कडक होतं, चिरा पडतात. असे टायर घेऊन समृद्धीवर ताशी १२० नं निघणं म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणं. हवा सकाळी, टायर गार असताना मोजा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणं. आणि स्टेपनी विसरू नका, गाडीतला सगळ्यात जुना टायर बहुधा तोच असतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतला ओलावा शोषतं. आणि उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी हेडलाइटच्या पिवळट काचा पॉलिश करून घ्या. रात्री मागं रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधुक उजेडात अगदी जवळ आल्यावरच दिसते.

शेवटी रिकॉल, म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीनं गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि दमटपणानं खराब होऊन तिच्या स्फोटात धातूचे तुकडे उडत होते. भारतातही होंडानं सिटी आणि जॅझसारख्या जुन्या गाड्या त्यासाठी परत बोलावल्या. गाडी दोन-तीन हात बदलून आपल्याकडं आली की कंपनीचं रिकॉलचं पत्र पहिल्याच मालकाकडं पोचतं. म्हणून आरसीवरचा सतरा अंकी-अक्षरी चॅसिस नंबर घ्या, तुमच्या गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सेंटरला फोन लावा आणि काम राहिलंय का विचारा. रिकॉलचं काम फुकट असतं. कोणी पैसे मागितले तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडं तक्रार करा.

नमस्कार.