भुलीआधीचे प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. ऑपरेशन ठरलं की घरात धावपळ सुरू होते ती रिपोर्टांची. रक्त, लघवी, ईसीजी, एक्स-रे. फाईल जाडजूड होते. आणि भूलतज्ज्ञ समोर बसून विचारायला लागले की आपण हो-नाही करत दोन मिनिटांत मोकळे! आज बोलायचंय त्यांच्या एकाच प्रश्नाबद्दल. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?

1960 सालची गोष्ट. मेलबर्नमध्ये 21 वर्षांचा एक विद्यार्थी पाय मोडून दवाखान्यात आला. गाडीनं उडवलेला. पण पायापेक्षा त्याला धास्ती भुलीची. का? तर नात्यातली दहा माणसं ईथरची भूल दिल्यावर गेली होती. दहा माणसं! डॉक्टरांनी ईथर टाळलं आणि तेव्हा नवंनवं असलेलं हॅलोथेन दिलं. थोड्याच वेळात नाडी धावू लागली, रक्तदाब घसरला, अंग तापलं. भूल तिथंच बंद केली, अंगाला बर्फ लावला. पोरगा वाचला!

डेनबरो नावाच्या डॉक्टरांनी मग त्याच्या घराण्याची चौकशी केली. हा दोष पिढीजात निघाला. मॅलिग्नंट हायपरथर्मिया. भुलीचे काही वायू मिळाले की स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम बेसुमार सुटतं, स्नायू आखडतात, अंग भडकतं. विरळा आहे, घाबरू नका. आता त्यावर डँट्रोलीन हे औषधही आहे. त्याच मुलाचं पुढे मुतखड्याचं ऑपरेशन झालं, ते पाठीत इंजेक्शन देऊन, सुखरूप. नेहमीच्या रक्ततपासणीत हा दोष दिसत नाही, बरं का. पुन्हा सांगते, रिपोर्टात दिसत नाही. तो सांगावा लागतो.

आणि पेशंटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोबतच्या मंडळींनी का द्यावं, हे मला आजवर उमगलेलं नाही. ‘दम लागतो का?’ विचारलं पेशंटला, आणि मागून आवाज येतो, ‘छे, काही नाही!’ अहो, जिना चढताना धाप कुणाला लागते, त्याला की तुम्हाला? मोबाईलही तेवढा वेळ खिशात ठेवा.

घोरता का, तंबाखू-सिगारेट किती, कशाची अ‍ॅलर्जी, कुठला दात हलतो, सगळं खरं सांगा. घशात श्वासाची नळी घालताना हलता दात निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटंच घेऊन जा, आयुर्वेदिकसुद्धा. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधं स्वतःच्या मनानं बंद करू नका, चालूही ठेवू नका, विचारा.

राहिलं उपाशी राहणं. साधारणपणे हलकं खाणं सहा तास आधी थांबवतात, साधं पाणी दोन तास आधी. दूध पाण्यात मोजत नाहीत, ते खाण्यात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. आणि चुकून घोटभर चहा पोटात गेलाच, तर ऑपरेशन पुढे ढकलतील या भीतीनं लपवू नका. ढकलू देत.