वजीर देण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. आज बुद्धिबळातल्या कॉम्बिनेशनबद्दल बोलू या. मोहरा मारायला द्यायचा, समोरच्याला एकामागून एक सक्तीच्या चाली खेळायला लावायच्या आणि डाव जिंकायचा, तो प्रकार. घरात पट असेल तर जवळ घ्या. नसला तरी अडणार नाही, घरांची नावं मी सावकाश सांगेन. नावातलं अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा.

१५ नोव्हेंबर २०१४. रशियातलं सोची शहर. विश्वविजेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव चालला होता. पांढरे मोहरे मॅग्नस कार्लसनचे, काळे आपल्या विश्वनाथन आनंदचे. सव्विसाव्या चालीला कार्लसननं राजा डी-२ या घरात आणला. ती घोडचूक होती. आनंदचा घोडा जी-६ वर होता, त्याच्या पाठीशी जी-८ वर आनंदचाच हत्ती, आणि समोर त्याच उभ्या रांगेत जी-४ वर कार्लसनचा हत्ती. घोड्यानं उठून ई-५ वरचं प्यादं मारलं की दोन्ही हत्ती समोरासमोर येतात. पांढऱ्यानं हत्तीनं हत्ती मारला तर? परत मारायची घाईच करायची नाही. आधी घोड्यानं सी-४ वरचं प्यादं टिपायचं, तेही शह देऊन. राजा घोड्याच्या अंगावर आला की बी-२ वर उडी मारून पुन्हा शह. आणि मग निवांत तो हत्ती मारायचा. दोन प्यादी पदरात! राजा डी-२ वर आला म्हणूनच सी-४ वरून शह बसत होता, हे विसरू नका.

आनंदनं मात्र ए रांगेतलं प्यादं एक घर पुढे सरकवलं. संधी गेली, आणि तो डावही गेला.

आनंदला हे दिसण्याजोगं नव्हतं, असं कोण म्हणेल? हीच स्थिती एखाद्या पुस्तकात ‘काळ्याची चाल, काळा जिंकतो’ असं लिहून छापली, तर जिल्हा स्पर्धा खेळणारी मुलंही ती सोडवतील. कारण ते वाक्य वाचलं की आपण शोधायला लागतो. खऱ्या डावात ते वाक्य कुणी सांगत नाही. माझं ठाम मत आहे की कॉम्बिनेशन सुचण्यापेक्षा, आत्ता इथं थांबून शोधायला हवं हे कळणं जास्त अवघड आहे. कोडी सोडवणाऱ्या मुलांना आपण दुसरी गोष्ट शिकवतच नाही, आणि मग कोड्यात पटाईत असलेलं मूल डावात का चुकतं म्हणून पालक हैराण होतात.

मग थांबायचं कधी? पटावर खुणा असतात. राजाला हलायला घरं उरली नाहीत, ही सगळ्यांत मोठी खूण. एखादा मोहरा बिनजोर पडलाय, म्हणजे त्याच्यामागे कुणी नाही. एकच मोहरा दोन ठिकाणची राखण करतोय. एकाच रांगेत किंवा एकाच तिरप्या रेषेत दोघं उभे आहेत आणि पुढचा हलला की मागचा उघडा पडतो. आणि सोचीत जी होती ती खूण, म्हणजे समोरच्यानं आत्ताच चाल केली आहे. त्या चालीनं काय सुटलं, राजा कुठल्या नव्या घरात आला, हे आपल्या योजनेत गुंतलेला माणूस बघतच नाही.

आता एक डाव जवळून बघू. १८५८ साल, पॅरिसचं ऑपेरागृह. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सहून आलेला एकवीस वर्षांचा पॉल मॉर्फी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दोघं मिळून खेळणारे, ब्रन्सविकचे ड्यूक आणि काउंट इझुआर. पंधराव्या चालीनंतरची स्थिती अशी होती. काळ्याचा राजा अजून ई-८ वर, म्हणजे सुरुवातीच्याच घरात, किल्लेकोट, म्हणजे राजाला कोपऱ्याकडे आडोशाला नेणारी चाल, झालेला नाही. शेजारी एफ-८ वर त्याचा उंट आणि कोपऱ्यात हत्ती, दोघंही डाव सुरू झाल्यापासून जागचे हललेले नाहीत. राजाला तिरपा लागून डी-७ वर घोडा. मॉर्फीचा हत्ती डी-१ वर, डी रांगेवर नजर लावून. उंट जी-५ वर, त्याची तिरपी रेषा थेट ई-७ आणि डी-८ या घरांवर. वजीर बी-३ वर.

इथून उलटं चालू या, शेवटापासून मागे. हत्ती डी-८ वर जाऊन बसला तर काय होईल? उंटाचा जोर असल्यानं राजाला तो मारता येणार नाही. ई-७ वर उंटाचा पहारा, डी-७ वर हत्तीचा, आणि उरलेल्या घरांत राजाचेच लोक उभे. म्हणजे मात. अडथळा एकच, डी-७ वरचा घोडा. तो रांगेतून बाजूला कसा करायचा? त्याला काहीतरी मारायला भाग पाडायचं. तो कुठं मारू शकतो? बी-८ वर. मग बी-८ वर शह देणारं आपल्याकडे कोण आहे? वजीर!

मॉर्फीनं वजीर बी-८ वर ठेवला. शह. काळ्याला घोड्यानं वजीर मारण्यावाचून दुसरी चालच नाही. आणि हत्ती डी-८ वर, मात. पांढऱ्याकडे प्यादी आणि राजा सोडले तर एक हत्ती आणि एक उंट, एवढेच मोहरे उरले होते. मला हा डाव दर वेळी थक्क करतो, पण त्यातली जादू वजीर देण्यात नाही. मात होण्याचं चित्र आधी दिसलं, वजिराची चाल नंतर आली.

असाच वजीर रिचर्ड रेटीनं १९१० मध्ये व्हिएन्नात टार्टाकोव्हरविरुद्ध नवव्या चालीला दिला होता. राजाला डी-८ वर ओढून घेतलं आणि पाठोपाठ उंट हलवून उंटाचा आणि हत्तीचा दुहेरी शह. दुहेरी शहाला एकच उत्तर असतं, राजा हलवणं. अकराव्या चालीला मात.

शोधायला बसलात की क्रम पक्का ठेवा. आधी सगळे शह, अगदी खुळे वाटणारेसुद्धा. मग सगळ्या मारामाऱ्या. मग धमक्या. आणि प्रत्येक ठिकाणी समोरच्याचं सगळ्यांत चांगलं उत्तर शोधायचं, आपल्या सोयीचं नाही. अशी चित्रं पुष्कळ पाहावी लागतात. मानसशास्त्रज्ञ चेस आणि सायमन यांचं १९७३ चं संशोधन हेच सांगतं. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडून दाखवतात, पण मोहरे वाट्टेल तसे विखरून ठेवले की तो फरक जवळजवळ उरत नाही. त्यांच्या डोक्यात चित्रं साठलेली असतात.

आता कागद-पेन्सिल घ्या, एक स्थिती देतो. काळा राजा एच-८ वर, हत्ती डी-८ वर, वजीर बी-२ वर, प्यादी जी-७ आणि एच-७ वर. पांढरा राजा जी-१ वर, वजीर सी-४ वर, घोडा जी-५ वर, प्यादी एफ-२, जी-२ आणि एच-२ वर. पांढऱ्याची चाल, चार चालींत मात. आधी राजाला जायला किती घरं आहेत ते मोजा, आणि मग घोड्याचे शह बघा.