दीड जीबीनंतर फोनचं काय होतं?

'आजचा १०० टक्के डेटा संपला' असा मेसेज रोज संध्याकाळी कुणाकुणाला येतो? हात वर करा बघू. पोरांपेक्षा पालकांचेच हात जास्त दिसतायत! असू दे.

या मेसेजनंतर नेट बंद पडत नाही, स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. बीएसएनएलच्या बऱ्याच प्लॅनमध्ये तर ४० वर. हे किलोबिट आहेत, किलोबाइट नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ६४ केबीपीएसला सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून जास्त. कुणी चार एमबीचा फोटो पाठवला तर आठ मिनिटं नुसतं चाक फिरताना बघायचं.

आता जरा पुढचा हिशेब करा. रात्री आठला कोटा संपला आणि बारापर्यंत फोन एक क्षण न थांबता डाउनलोड करत राहिला, तरी जेमतेम ११५ एमबी पदरात पडतात. अख्खे चोवीस तास चालवला तरी ७०० एमबीच्या आत, दीड जीबीच्या निम्मेसुद्धा नाहीत. कागदावर मर्यादा नाही, पण वेगच असा बांधलाय की वेगळी मर्यादा घालायची गरज उरत नाही.

हे होतं कुठं? टॉवरवर नव्हे. तुमचा सगळा डेटा कंपनीच्या गेटवेतून, म्हणजे इंटरनेटकडं जाणाऱ्या मुख्य फाटकातून जातो आणि प्रत्येक सिमचा हिशेब तिथं राहतो. कोटा भरला की नियम सांभाळणारा सर्व्हर गेटवेला हुकूम देतो, या सिमला आता ६४. त्याहून जास्त पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, आली की गेटवे ती अडवून ठेवतो, नाहीतर टाकून देतो. मग पलीकडचा सर्व्हर तीच पुन्हा पाठवतो. म्हणून नेट नुसतं हळू चालत नाही, अडखळतं, आणि मधेच 'पुन्हा प्रयत्न करा' येतं. आपल्या पेठेतला पाणी सोडणारा चावीवाला आठवा. टाकी भरलेली, पाइप शाबूत. चावी तेवढी अर्धा आटा फिरवलेली.

गर्दीमुळं मंदावणं ही वेगळी गोष्ट. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना असला की हजारो फोन मोजक्याच टॉवरवर येतात आणि सगळ्यांचंच नेट रडतं. तिथं कुणाचा कोटा शिल्लक आहे याला अर्थ नसतो. पण घरी बसलाय, सिग्नलच्या दांड्या पूर्ण आहेत, शेजारी त्याच कंपनीचं सिम असलेल्या भावाचा फोन सुसाट पळतोय आणि तुमचाच रखडतोय, तर बहुतेक चावी फिरलीय. रात्री बाराला, बहुतेक प्लॅनमध्ये, ती आपोआप उघडते.

गंमत म्हणजे त्याच फोनवरून साधा कॉल खणखणीत लागतो. फोर-जीवरचा कॉलही पॅकेटमधूनच जातो, पण त्याला नेटवर्कमध्ये स्वतंत्र वाट आणि वरचा मान असतो. व्हॉट्सॲप कॉल मात्र साध्या डेटाच्या वाटेनं जातो, म्हणून तो तुटतो.

कंपन्या म्हणतात, रेडिओ लहरी सगळ्यांत वाटून घ्यायच्या असतात. एकानं दिवसभर सिनेमे उतरवले तर दुसऱ्याला काय उरणार? बरोबर आहे. पण मग गर्दी असेल तिथंच वेग कमी करा की! दुपारी तीनला गगनबावड्याच्या टॉवरवर चार फोन असले तरी हे ६४ म्हणजे ६४च. आणि वेग पडतो त्याच वेळी जादा डेटाच्या पॅकची जाहिरात येते. मी तर म्हणेन, आकडा एवढा खाली असण्याचं खरं कारण तिथं आहे. २०१६ साली ट्राय या दूरसंचार नियामकानं घरगुती वायरच्या ब्रॉडबँडला बजावलं की कोटा संपला तरी वेग ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही. मोबाईललाही तसाच तळ ठरवून द्यावा, एवढंच माझं म्हणणं. २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २ एमबीपीएस लागतात. आपण त्याच्या तिसाव्या हिश्श्यावर.

सिनेमा अडला तर अडू दे हो. पण २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट पाणी म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. अशा दिवसांत माणूस तासातासाला पातळी बघतो, पुराचे व्हिडिओ येत राहतात, आणि कोटा दुपारीच संपतो. मग फुटांचा एक आकडा हवा असतो, पण त्याच्याभोवती जाहिरातींनी भरलेलं पान उघडतच नाही.

तोवर करायचं काय? सेटिंगमध्ये जाऊन ॲपचा बॅकग्राउंड डेटा बंद करा. तुमचे ८ किलोबाइट फोटोंचा बॅकअप खातो आणि यूपीआय अडकतं. त्याहून बरं म्हणजे *९९# डायल करा. त्याला इंटरनेट लागत नाही, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जातात.

महाद्वार रोडवरच्या एका दुकानदारांनी चिठ्ठी पाठवलीय: 'पेटी बोलते, पैसे आले म्हणते, पण माझ्या मोबाईलवर दिसत नाहीत. गिऱ्हाईकाला सोडू का?' सोडा. त्या पेटीत वेगळं सिम असतं, तिच्या डेटाचा तुमच्या कोट्याशी संबंध नाही. मोबाईलवरची यादी बाराच्या पुढं बघा.